सोप्या वाटेचे पाणी



मायबाप, कीर्तनाला उभे राहणे मी सोडले त्याला आता सहा वर्षे झाली. वय शहात्तर. आवाज पहिल्यासारखा लागत नाही आणि गुडघे दोन तास उभे राहू देत नाहीत. पण शंका विचारणारे काही सोडत नाहीत. नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात संध्याकाळी जाऊन बसलो की कोणीतरी शेजारी येऊन टेकतो. बहुधा माझ्याच बरोबरीचा, हातात काठी असलेला. इकडचे तिकडचे बोलणे होते आणि मग मनातले निघते. "बुवा, यंदा पायी होणार नाही. मुलगा म्हणतो, वाखरीला गाडीने सोडतो, तिथून शेवटची मजल चाला. ती वारी धरायची का हो?"

विचारताना त्याचा आवाज खाली गेलेला असतो. तीस-चाळीस वर्षे टाळ घेऊन चाललेला माणूस, आणि चोरी केल्यासारखा विचारतो.

शंका वारीची दिसते, पण तिच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. सोप्या वाटेने जे मिळाले त्याचे मोल कमी असते काय? केवळ म्हाताऱ्यांचा हा प्रश्न नाही. नामस्मरण सोपे म्हणून ते हलके, असे आपल्या संप्रदायाला पूर्वीपासून ऐकवले गेले आहे. तेव्हा याचा विचार जरा बैठक मारून करू.

आधी पूर्वपक्ष. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत आम्हाला ही शिस्त लावलेली. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली काढलेली ती संस्था. तिथे आमचे गुरुजी म्हणत, समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली तरच खंडनाला तोंड उघडा. तर पूर्वपक्ष असा: आळंदीहून पंढरी अडीचशे किलोमीटरच्या घरात. दिवे घाटात छाती भरते, पुढे उन्हाने टाळू तापते, रात्री तंबूत पाणी शिरते, पायाला फोड येतात. या झिजण्यात माणसाचा मीपणा झिजतो. एवढे सोसून कळस दिसला की डोळे आपसूक भरतात. गाडीतून उतरणाऱ्याचे डोळे कशाने भरावेत? भूक लागलेली नाही त्याला जेवणाची चव काय कळणार?

हे म्हणणे पोकळ नाही. मी एकेचाळीस वेळा दिवे घाट चढलो आहे. त्या घामाची गोडी मला ठाऊक आहे. आमच्या दिंडीतले एक मृदंगवाले आहेत, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, ते हीच बाजू लावून धरतात आणि मृदंगासारखीच दोन्ही हातांनी वाजवतात. पुढे त्यांचे नाव न घेता उल्लेख येईल, त्यांनी राग मानू नये.

उत्तरपक्षाकडे जाण्यापूर्वी तुम्हाला एका धबधब्यापाशी नेतो.

वाळवंट म्हटले की शाळेतल्या पोरांना उंट आठवतो, आपल्याला चंद्रभागा आठवते. वाळूच्या टेकड्यांचे मारवाडी वाळवंट महाराष्ट्रात नाही. पण कोरड मात्र आपल्याकडे वेगळ्या रूपात आहे. सह्याद्री पावसाला अडवतो. लोणावळा-ताम्हिणीकडे वर्षाला हजारो मिलीमीटर कोसळतो, आपल्या पुण्यात येईतो सरासरी सातशेच्या आसपास उरतो, आणि नगरच्या रस्त्याने (आता अहिल्यानगर म्हणायचे) पूर्वेला कडा, आष्टी, जामखेड, पाटोद्याकडे निघालात की भरवसाच उरत नाही. एखाद्या साली चार दिवसांत सगळा पडून जातो, एखाद्या साली ढग नुसते बघून जातात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे त्या गावांत अजून भेटतात. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात गुरांच्या छावण्या होत्या. माणसे गुरांबरोबर तिथेच राहायची.

त्या मुलखात, जामखेडहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पाटोदा तालुक्यात सौताडा म्हणून गाव आहे. बालाघाटाचा डोंगर तिथे एकदम तुटतो. विंचरणा नदी वरच्या सपाटीवरून येते आणि त्या कड्यावरून खाली उडी घेते. उंची सुमारे सत्तर मीटर सांगतात. खाली दरीत रामेश्वराचे देऊळ. रस्ता वरपर्यंत जातो आणि तिथून पायऱ्यांनी खाली उतरायचे, एवढीच वाट. दोर नको, वाटाड्या नको. श्रावणी सोमवारी म्हाताऱ्याकोताऱ्या बायका दुरडी घेऊन उतरतात. विशेष म्हणजे पैठणहून निघणारी नाथांची पालखी याच भागातून, पाटोदा, दिघोळ, खर्डा करत पंढरीला जाते. तेव्हा ज्येष्ठ असतो. कडा बहुधा कोरडाच असतो.

गेल्या भाद्रपदात आम्ही पाच जण तिकडे गेलो. सकाळी पुण्याहून निघालो ते दुपारपर्यंत तिथे. पायऱ्यांच्या तोंडाशी एक बाई नारळ-कापूर घेऊन बसली होती. आमच्या माळा आणि माझी काठी बघून म्हणाली, "लई न्हाईत पायऱ्या, बाबा. बसत बसत उतरा. पानी काई पळून जात न्हाई." बसत बसत उतरलो. खाली गेल्यावर अंगावर तुषार आले. वरची जमीन दोन दिवसांच्या उन्हाने पुन्हा पांढरी पडायला लागली होती, आणि इथे हिरवे शेवाळे, गार वारा, देवळाच्या ओल्या दगडाचा वास आणि पाण्याचा एकसारखा घोष. आमच्यापैकी कोणी बोलेना. मृदंगवाल्यांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला होता, हे मी पाहिले.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "बुवा, पायऱ्या उतरलो, मान वर केली, दिसले. यात आपण केले काय?"

प्रश्न त्यांनी टोमण्याने विचारला होता, पण बिनमोलाचा विचारला. कारण त्याचे खरे उत्तर आहे, काहीच नाही. आपण काही केले नाही. आणि मला वाटते सोप्या वाटेची खुबी नेमकी इथे आहे.

असे बघा. हरिश्चंद्रगडावर किंवा तोरण्यावर चढून गेलेला माणूस माथ्यावर उभा राहतो तेव्हा त्याला जे दिसते त्यात त्याचे पाय मिसळलेले असतात. 'मी पोचलो.' त्यात वाईट काही नाही, तरुणपणी ते शोभते. पण ते सुख निम्मे डोंगराचे आणि निम्मे स्वतःचे असते. पायऱ्या उतरून जे दिसते त्यात स्वतःचे काही मिसळता येत नाही. फुशारकी मारायला जागाच नाही. तिथे एक तर माणूस म्हणतो, 'यात काय मोठे,' आणि फोटो काढून निघतो. नाहीतर म्हणतो, 'हे मला मिळाले.' कमावले असे म्हणता येत नाही, मिळाले असेच म्हणावे लागते. कष्टाने मीपणा झिजतो हे पूर्वपक्षाचे म्हणणे मी मान्य केले. पण कष्टाने तो वाढतोही, हे वारीत चाललेल्या कोणालाही ठाऊक आहे. 'आमची पंचविसावी', 'आमची तिसावी' असे आकडे दिंडीत कसे फिरतात ते तुम्ही ऐकले आहे. शरीर दमते आणि मीपणा दम खाऊन पुन्हा उभा राहतो.

गीतेच्या बाराव्या अध्यायात अर्जुनाने हाच प्रश्न निराळ्या रीतीने विचारला आहे. सगुणाची भक्ती करणारा श्रेष्ठ की अव्यक्ताच्या मागे लागणारा? भगवंतांनी दुसऱ्याला नाकारले नाही. तोही मला पोचतो म्हणाले. पण देहधाऱ्याला ती वाट फार क्लेशाची आहे, एवढे स्पष्ट सांगितले. त्याआधी नवव्यात या विद्येला त्यांनी राजविद्या म्हटले आणि तिच्या लक्षणांत आचरायला सुखाची हे एक लक्षण घातले. सुखाची, आणि तरी अविनाशी. वाट अवघड आहे म्हणून फळ मोठे, असा हिशेब देवाच्या तोंडी कुठे आलेला नाही. तो हिशेब आपला. बाजारात जसा आपण मजुरीवरून माल जोखतो तसा.

यावर कोणी म्हणेल, मग सगळेच सोपे झाले, आळशाचे फावले. थांबा. सौताड्याची वाट सोपी आहे, पण पाणी सोपे नाही.

वर चढून आल्यावर त्या बाईकडून नारळ घेतला. बोलता बोलता म्हणाली, "एखाद्या साली आलं असतं तर दगूड बघून गेलं असतं." म्हणजे पाऊस नसेल त्या वर्षी त्याच पायऱ्या, तेच देऊळ, तोच कडा, आणि कड्यावर नुसती काळी रेघ. गडाचा माथा बाराही महिने जागेवर असतो. चढलात की मिळालाच. इथे वाट हातातली आहे आणि पाणी हातातले नाही. बसाल्टचे थर एकावर एक बसलेले, वरचा कठीण थर टिकतो, खालचा मऊ झिजतो, म्हणून कडा असा उभा राहतो. कड्याचे कारण सांगता येते. पण यंदा धार येईल का, याचे उत्तर दगडात नाही. तुम्ही पायी जा, गाडीने जा, गुडघ्यांवर जा. ढगाला त्याचे काही नाही.

आणि इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण आमच्याच व्यासपीठांवरून तिच्या उलट बोललेले मी ऐकले आहे. पाऊस नाही पडला की कोणी कीर्तनकार सांगतो, गावात पाप वाढले. ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याला वर पापी ठरवायचे! मायबाप, १६३० च्या आगेमागे जो दुष्काळ पडला त्यात तुकोबारायांची थोरली बायको गेली, मुलगा गेला, दुकान बुडाले. तुकोबांच्या घरात कोणते पाप होते? त्या आगीतून उठून त्या पुरुषाने काय केले, तर लोकांकडून येणे असलेली कर्जखते, स्वतःच्या वाट्याची, इंद्रायणीत टाकून दिली. दुष्काळाने नाडलेल्यांचे देणे सोडले. दुष्काळाचा अर्थ त्यांना असा लागला. पाऊस ही कमाई नसेल, तर पावसाचा अभाव ही सजाही नाही. दोन्ही गोष्टी एकदम मानाव्या लागतात. एकच मानणारे पुष्कळ.

आता त्या बाईचे पुढचे बोलणे. "दसऱ्याच्या फुडं आमी जातो उसाला. तुमच्याच पुण्याकडं. हितली धार बारीक व्हया लागली की आमची गाडी येती." नवराबायको मिळून एक कोयता. सहा महिने कारखान्याच्या तळावर खोपीत राहायचे, पहाटे तीनला उठायचे, पाचटात हात-पाय कापायचे. आमच्याकडे धरणे आहेत, कालवे आहेत, त्या पाण्यावर ऊस होतो, तो तोडायला ती येते. आम्ही अर्ध्या दिवसात गादीवर बसून तिच्या गावचे पाणी पाहायला गेलो. ती अर्धे वर्ष आमच्या गावच्या पाण्यामागे येते. वाट एकच आहे, जायची सोपी आणि यायची अवघड. मी परतीच्या प्रवासात याच्यावर बोललो नाही. बोलायला काही सुचले नाही.

तेव्हा सोपेपणाबद्दल दुसरा प्रश्न हा निघतो, की ती वाट कोणासाठी सोपी आहे आणि कोणाच्या श्रमावर.

पायरी आपोआप होत नाही. कोणीतरी दगड घडवतो, कोणीतरी डोक्यावरून वाहतो. सौताड्याहून जामखेडला उतरलात तर त्याच तालुक्यात सीनेच्या काठी चौंडी गाव आहे. १७२५ साली अहिल्याबाई तिथे जन्मल्या. या पाण्याविना तडफडणाऱ्या मुलखाची लेक पुढे राज्यावर बसली आणि काशीपासून कुठे कुठे तिने घाट बांधले, विहिरी खणल्या, बारवा बांधल्या. घाट म्हणजे काय हो? पाण्यापर्यंत जाणारी सोपी वाट. निसरड्या काठावरून जी म्हातारी उतरू शकत नव्हती ती पायऱ्यांनी उतरावी, एवढ्यासाठी घाट. अवघड वाटेचेच पुण्य असते तर घाट बांधणे हे लोकांचे पुण्य कमी करणे ठरले असते, आणि अहिल्याबाईंना कोणी पुण्यश्लोक म्हटले नसते. आपल्या परंपरेने दुसऱ्याची वाट सोपी करणाऱ्याला पुण्यवान म्हटले. दिंडीला पाणी पाजणारा, वारकऱ्याचे पाय चेपणारा, भाकरीचे गाठोडे घेऊन रस्त्यात उभी राहणारी बाई, यांनी वारीचे पुण्य घटवले असे कोणता फडकरी म्हणेल?

सोपी वाट झाली की गर्दी होते आणि गर्दी झाली की घाण होते, हेही खरे. दरीत प्लास्टिकच्या बाटल्या पाहिल्या, गुटख्याच्या पुड्या पाहिल्या. एक टोळके दगडावर चढून पाण्यात उड्या मारायच्या बेतात होते. पुजाऱ्याने दटावले तेव्हा उतरले. पण याचा दोष मी पायऱ्यांना देणार नाही. अवघड गडांच्या माथ्यावरही बाटल्या सापडतात.

आता ज्या कथेसाठी इतका वेळ थांबलो होतो ती. नामदेवराय आणि ज्ञानोबाराय तीर्थयात्रेला निघाले. तीर्थावळीत ती यात्रा आहे, महिपतीबुवांनी भक्तविजयात ती कथा सविस्तर सांगितली आहे, आणि माझ्या अंदाजाने मी ती दोनशे वेळा तरी लावली असेल. मारवाडच्या वाळवंटात दोघांना तहान लागली. विहीर सापडली पण खोल, दोर नाही, भांडे नाही. माउली योगिराज, लघिमा सिद्धीने सूक्ष्म रूप घेऊन आत उतरले, पाणी पिऊन वर आले. नामदेवांना म्हणाले, तुमच्यासाठीही आणतो. नामदेवांजवळ सिद्धी नव्हती, विद्या नव्हती. त्यांनी एवढेच केले, हाक मारली. विठोबाला, लेकरू आईला मारते तशी. आणि विहिरीचे पाणी उसळून काठावरून वाहू लागले.

ही कथा रंगवताना काही जण माउलींना उणे करतात, तो अपराध आहे. नामदेवांना कडकडून भेटणारे आणि त्यांच्या प्रेमाला मान देणारे स्वतः माउलीच. मला वेधक वाटते ती दुसरी बाजू. सिद्धीची वाट अवघड, जन्मजन्मांच्या अभ्यासाची. तिने विहिरीचे पाणी एकाला मिळाले, फार तर दोघांना. हाकेची वाट सोपी, तिने पाणी काठावर आले. काठावर आलेले पाणी कोणासाठी असते? पुढच्या वाटसरूसाठी, उंटासाठी, पाखरासाठीही. सोप्या वाटेने आलेले पाणी आपल्यापुरते राहत नाही, अशी त्याची खूण. एरवी तहान लागलेल्याच्या हाकेत सोपे तरी काय आहे? हाक मारणाऱ्याला आपण रिकामे आहोत हे मान्य करावे लागते. पाच फडांवर कीर्तन केलेल्या माणसाला ते फार जड जाते, हे मी शहात्तराव्या वर्षी सांगतो.

आणि नाथ. ज्यांची पालखी त्या कोरड्या कड्याजवळून जाते ते नाथ. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला निघाले. महिनोन्‌महिने खांद्यावर कावड. याहून अवघड वाट ती काय असावी? आणि वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तळमळणारे गाढव दिसले. नाथांनी कावड उतरवली आणि ती गंगा त्याच्या तोंडात ओतली. सोबतचे हळहळले, इतक्या लांबचे श्रम वाया गेले. नाथांना वाटले, माझा रामेश्वर इथेच भेटला.

ही कथा आपण नेहमी नाथांकडून पाहतो. सौताड्याच्या रामेश्वरासमोर बसलो तेव्हा मी ती पहिल्यांदा गाढवाकडून पाहिली. त्या मुक्या जिवाने काय केले होते? एक पाऊल चालले नव्हते. नाम घेतले नव्हते. गंगा त्याच्या तोंडापर्यंत चालत आली, तीही काशीहून. त्याच्याइतकी सोपी वाट कोणालाच मिळाली नाही. म्हणून त्याने प्यालेली गंगा कमी गंगा होती काय? आणि नाथांचे श्रम; ते वाया गेले म्हणणाऱ्यांना श्रम कशासाठी असतात हेच उमगले नव्हते. एकाने अवघड चालायचे ते दुसऱ्याला सोपे व्हावे म्हणून.

हे मी मृदंगवाल्यांना सांगितले. ते म्हणाले, "बुवा, तुम्ही कीर्तनकार. गाढवालासुद्धा सिद्धांतात बसवाल."

बसवीन. पण आता देवळात शेजारी येऊन टेकणाऱ्याची शंका. त्याला मी काय सांगतो? दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री राहतात. माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबात, तुकोबांची इथे नाना पेठेत. तिसऱ्या दिवशी निघतात. हडपसरला वाटा फुटतात. माउली दिवे घाट चढून सासवडला जातात, तुकोबा सपाटीने लोणी काळभोरला. त्या दिवशी एकीकडे घाम आणि दुसरीकडे सरळ रस्ता. पुढे त्यांनाही घाट लागतो, पण त्या दिवसापुरते बोलू. तुकोबांच्या सोहळ्यात चालणाऱ्याला आजवर कोणी म्हटले आहे का, की तुझा आजचा दिवस हलका? वाखरीला सगळे एकत्र येतात आणि तिथे कोणी पायांचे तळवे तपासत नाही. पंढरीत आषाढीला पदस्पर्शाची रांग कित्येक तास चालते. ज्याला तेवढे उभे राहवत नाही तो मुखदर्शन घेतो. तेही नाही जमले तर नामदेवपायरीला हात लावतो. तिथपर्यंतही शिरता नाही आले तर दुरून कळस बघून हात जोडतो, आणि कळसाचे दर्शन हे दर्शनच, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. ही सवलत शास्त्रकाराने दिलेली नाही, गर्दीत घुसमटलेल्या आपल्याच बापजाद्यांनी एकमेकांना दिली.

म्हणून मी सांगतो, गाडीने जा. मात्र गाडीत जागा रिकामी असेल तर गल्लीतल्या ज्या म्हातारीला मुलगा नाही तिला बरोबर घ्या. वाखरीच्या अलीकडे जिथे उतराल तिथे पाण्याचे दोन जार आणि पेले घेऊन उभे राहा. चालून आलेल्याला आधी पाजा. मग चाला, जेवढे चालवेल तेवढे. आणि ज्याचे गुडघे धड आहेत त्याने मात्र गाडीचे नाव काढू नये. त्याला ही सगळी चर्चा लागू नाही. धड पाय असताना गाडी मागणाऱ्याची शंका मी ऐकून घेत नाही.

सौताड्याला जायचे असेल तर पाऊस झालेल्या वर्षी भाद्रपदात किंवा आश्विनात जा. घरून पाणी न्या, तिथले मागू नका. नारळ त्या बाईकडून घ्या आणि घासाघीस करू नका. पाण्यात उतरू नका, दगड फार निसरडे आहेत.

राहता राहिली एक गोष्ट. त्या दिवशी दरीतून वर येताना, दम घ्यायला मधल्या पायरीवर बसलो असता, मृदंगवाल्यांनी आणखी एक विचारले. "हे पाणी जाते कुठे हो? पंढरीला जाते का?"

त्या डोंगराची गंमत अशी की त्याच पाटोदा तालुक्यात मांजरा उगम पावते आणि पूर्वेला वाहत गोदावरीला मिळते. आणि ही विंचरणा मात्र उलटीकडे उतरते, जामखेडवरून सीनेला मिळते. सीना भीमेला मिळते. भीमा म्हणजे आपली चंद्रभागा. म्हणून ते आशेने बघत होते. पण सीना भीमेला मिळते ती पंढरीच्या पुष्कळ खाली, सोलापूरच्या पलीकडे हत्तरसंग कुडलला. हे पाणी विठोबाच्या पायांना लागत नाही. पंढरी बाजूला ठेवून पुढे जाते.

"म्हणजे याला दर्शन नाही," ते म्हणाले.

मी म्हटले, कुडलला भीमा येते ती वाळवंटातून, पुंडलिकाच्या देवळाला वळसा घालूनच येते ना?

ते काही बोलले नाहीत. काठी मला दिली, माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली, आणि पुढच्या पायरीवर उभे राहून हात मागे केला.